परस्पर लागलेली हजेरी

आमच्या यात्रेचे आयोजक माइकशिवाय बोलत नसत. पुढच्याच सीटवर बसलेल्या माणसाला पाणी हवं का, हेसुद्धा ते माइकवरून विचारत. चाकणच्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर म्हणून त्यांनी जन्म काढला होता. निवृत्तीनंतर घरात कुणी हुकूम ऐकेना, म्हणून त्यांनी यात्रा काढायला सुरुवात केली, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. सगळे त्यांना साहेब म्हणत. मीही म्हणत असे. आईला बद्री-केदारला न्यायचं होतं, आणि मोशी-भोसरीकडच्या ओळखीच्या माणसांबरोबर गेलं की आईची काळजी नाही, असं घरात सगळ्यांनी मला पटवलं होतं.

ओळखीची माणसं म्हणजे काय असतं, ते मला पुढे कळलं.

आई मोशीला माझ्या भावाकडे राहते. आमची शेती होती तिथे आता इमारती आहेत, आणि आई त्यातल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. तिचं माहेर वर मावळात. ती आईबापांची एकुलती एक. भाऊ नाही, चुलत्यांशी बोलणं नाही, त्यामुळे माझ्या आजी-आजोबांचं मागचं असं कुणी कधी केलंच नाही. आई याबद्दल फारशी बोलत नसे, पण बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंड दिले की पुन्हा श्राद्ध करावं लागत नाही, हे तिने कीर्तनात कधीतरी ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जाईना. मुलीने पिंड दिलेले चालतात का, हे तिने मोशीच्या देवळातल्या गुरुजींना तीनदा विचारलं. तीनदा ते हो म्हणाले. तेव्हा तिने माहेरच्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्यातले इंद्रायणी तांदूळ मागवून घेतले, एका फडक्यात बांधले आणि पिशवीच्या तळाशी ठेवले. केदारनाथ, तुंगनाथ, बाकीची देवळं, हे सगळं तिला हवंच होतं. पण ती घरातून निघाली होती ती त्या मूठभर तांदळासाठी.

मी भोसरीत एका वर्कशॉपच्या क्वालिटी विभागात आहे, राहते थेरगावला. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही मायलेकीच निघालो. हरिद्वारला रेल्वेतून उतरलो तर दोन बस उभ्या. साहेबांनी एकीचं नाव फर्स्ट शिफ्ट ठेवलं होतं आणि दुसरीचं सेकंड शिफ्ट. फर्स्ट शिफ्टमध्ये म्हातारी माणसं, सेकंडमध्ये आमच्यासारखी जरा बरी चालणारी. मी म्हटलं, मला आईजवळ बसायचं आहे. साहेब म्हणाले, "ताई, एकाला सूट दिली की लाइन बिघडते." देवाच्या दारी निघालेल्या माणसांची लाइन कशी बिघडते, हे मी विचारायला हवं होतं, पण पहिल्याच दिवशी तोंड कशाला वाजवायचं म्हणून गप्प बसले.

आईच्या शेजारी बीडकडची एक बाई आली. भोसरीत खोली घेऊन राहणारी, चाकणला पॅकिंगच्या लाइनवर काम करणारी, आणि एकटीच यात्रेला निघालेली. पहिल्याच दिवशी तिने आईला मावशी केलं. खिडकीची जागा आईला दिली, घाटात आईला मळमळलं तेव्हा लिंबू काढून दिलं. मला बरं वाटलं. निदान शेजार तरी चांगला मिळाला.

साहेबांची हजेरी ही एक वेगळीच चीज होती. प्रत्येक थांब्यानंतर गाडी सुटण्याआधी ते दारात उभे राहून सीटचे नंबर पुकारत. ज्याचा नंबर त्याने "हजर" म्हणायचं. साहेब मान वर करून बघत नसत. आवाज आला की पुढचा नंबर. याचा त्यांना फार अभिमान होता. "आमच्या लाइनवर अख्खी शिफ्ट मी दोन मिनिटांत मोजायचो," असं ते रोज एकदा तरी सांगत, आणि पुढे बसलेले त्यांचे जुने सहकारी माना डोलवत.

थांबे मात्र असे निवडलेले, की बघून राग यावा. पुरुषांना काय, दरीकडे तोंड करून उभं राहिलं की झालं. बायकांनी कुठे जायचं, याचा विचार साहेबांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. ढाब्यामागे एखादंच पत्र्याचं दार असे आणि त्याच्यापुढे आमची रांग. त्यात आईचे गुडघे दुखरे. बसायला वेळ, उठायला वेळ. देवप्रयागला ती बसपर्यंत पोचली तेव्हा सगळे चढून बसले होते. साहेब माइकवरून म्हणाले, "आजी, देव थांबेल तुमच्यासाठी, गाडी थांबायची नाही." सगळी बस हसली. मागच्या बसमध्ये मला ते ऐकू आलं, कारण माइकचा आवाज रस्त्यापलीकडे जात होता. आईही हसली म्हणे. पण दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळी पाणी पिणं बंद केलं. पंचाहत्तरीच्या बाईने, डोंगरात, विरळ हवेत, पाणी प्यायचं नाही, का तर एका निवृत्त सुपरवायझरची लाइन बिघडते. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण तिने ते मला सांगितलंच नाही.

केदारनाथ झालं. आई डोलीतून गेली, मी पायी. देवळासमोर उभी राहिली तेव्हा ती थरथरत होती, थंडीनेही आणि आनंदानेही. मला म्हणाली, "एक झालं. आता बद्री झालं की मी सुटले." त्या रात्री गुप्तकाशीला परत आल्यावर तिने आमच्यातल्या एका बाईचे सुजलेले पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन तेल लावून दिलं. ती बाई कळवळून म्हणाली, "आई, तुमच्यासारखी माणसं भेटायला नशीब लागतं." हे वाक्य मी विसरलेले नाही. त्याचं कारण पुढे येईल.

दोन दिवसांनी चोपत्याला आलो. तिथून वर तुंगनाथ. आई घोड्यावरून वर गेली, दर्शन झालं, दुपारी खाली आलो तेव्हा बारीक पाऊस लागला होता. साहेब घाईत होते. बद्रीच्या वाटेवर पुढे रस्त्याचं फाटक असतं, ते ठरावीक वेळेला बंद होतं, आणि संध्याकाळची आरती त्यांनी सगळ्यांना कबूल केली होती. मी आईला तिच्या सीटवर बसवलं. तिने ओला कोट काढून सीटच्या पाठीवर टाकला, पिशवी खाली ठेवली. मी माझ्या बसमध्ये गेले. दोन्ही बस सुटल्या.

चमोलीला चहासाठी थांबलो तेव्हा आईच्या गोळ्यांची वेळ झाली होती, म्हणून मी पुढच्या बसमध्ये चढले. सीटवर कोट होता. पिशवी होती. आई नव्हती.

बीडची बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, मावशी तुमच्या गाडीत न्हाईत?"

नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. मी बसखाली उतरून साहेबांना गाठलं. ते खुर्चीवर बसून चहा घेत होते. मी म्हटलं, "साहेब, आई चोपत्याला राहिली." त्यांनी आधी मला खोटं पाडलं. "शक्य नाही. हजेरी झाली आहे. त्यांच्या नंबरला आवाज आलाय." मी म्हटलं, आवाज आला असेल, आई नाही आली. तेव्हा ते स्वतः बसमध्ये चढले आणि त्या कोटाकडे बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यापुरता त्यांचा माइक बंद होता.

आईचा फोन पिशवीतच होता. तो बरोबर असता तरी उपयोग नव्हता, चोपत्याला रेंजच नसते. मी म्हटलं, गाडी मागे फिरवा. दोन बस आहेत, एक पुढे न्या, एक मागे घ्या. फर्स्ट शिफ्ट नको असेल तर आमची घ्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. फाटक, आरती, बद्रीतल्या खोल्या, उद्याचं सगळं वेळापत्रक, ब्रह्मकपालावर सांगून ठेवलेले ब्राह्मण, हे सगळं त्यांनी मला समजावलं. जणू मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि जणू त्या ब्रह्मकपालासाठीच जी बाई निघाली होती तीच मागे राहिलेली नव्हती. मग ते म्हणाले, "मी एकट्याने ठरवणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, साहेबांनी मनमानी केली. सगळ्यांना विचारू."

आणि ढाब्याच्या अंगणात त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. कंपनीच्या फाटकावर सभा घेतात तसं. लोक चहाचे कप हातात घेऊन अर्धगोल करून उभे राहिले. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यभर फाटकासमोर असेच हात वर केले होते, बोनससाठी, बदलीविरुद्ध, निलंबित झालेल्या साथीदारासाठी. तेव्हा त्यांना लाज वाटली नव्हती, कारण तेव्हा ते माणसाच्या बाजूने हात वर करत होते.

साहेबांनी परिस्थिती समजावली. मागे गेलो तर आजचं फाटक चुकेल, उद्याचा दिवस जाईल, पुढचं सगळं कोलमडेल. पुढे गेलो तर आजींसाठी जीप पाठवता येईल. "ज्यांना वाटतं की बस मागे न्यावी," ते म्हणाले, "त्यांनी हात वर करा."

बीडच्या बाईचा हात वर गेला. पूर्ण सरळ, कोपर ताठ. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा हात थोडासा वर आला, त्याने टोपी नीट केली आणि खाली गेला. मी हात वर केला नाही. माझ्या आईला आणायला जायचं की नाही, याच्या मतदानात मी मत द्यायचं? ज्या माणसाच्या डोक्यात ही कल्पना आली त्याला मी आजही क्षमा केलेली नाही, आणि करायचा विचारही नाही.

"ज्यांना वाटतं पुढे जावं?"

हात लगेच वर आले नाहीत. आधी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक, मग शेजारचा, मग दोघे. खांद्याच्या वर कुणाचा हात गेला नाही. खाली मान घालून, कप सावरत, कानाशी चवरी ढाळल्यासारखे ते हात हलत होते. कुणीतरी बाजूला म्हणालं, "राव, आजी काय लहान आहेत का, बसतील की कुठं तरी चहाच्या टपरीवर." गुप्तकाशीला पाय चोळून घेतलेल्या बाईचाही हात वर होता. मी तिच्याकडे बघितलं. तिने दुसरीकडे बघितलं.

साहेब म्हणाले, "बहुमत झालं."

जीप मात्र त्यांनी लगेच ठरवून दिली, हे मी मान्य करते. ते त्यांना जमतं. ड्रायव्हरला हिंदीत सूचना दिल्या, माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे दिले, आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. मी आईचा कोट आणि पिशवी घेऊन जीपमध्ये बसले. दुसऱ्या दाराने बीडची बाई चढली.

मी म्हटलं, "तुम्ही कुठे? तुमचं दर्शन चुकेल."

"चुकू द्या," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

बरीच वाट ती बोललीच नाही. मला तर तिच्याकडे बघायचंही नव्हतं; आईच्या नंबरला आवाज कुणी दिला असेल, याचा अंदाज मला आला होता. गोपेश्वर मागे पडलं तेव्हा तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली.

"हजर मी म्हनले, ताई. मावशीच्या नंबरला."

मी विचारलं, का.

"मावशी बाथरूमला गेल्त्या. लई लाईन व्हती तिथं. मला म्हनल्या, पोरी, सांग त्यास्नी, आलेच. सायबानी नंबर पुकारला. आता न्हाई म्हनलं आसतं तर पुन्ना माइकवरून काय तरी बोलले आसते, समदी हसली आसती. त्या दिवशी मावशी हसल्या खऱ्या, पर डोळ्यात पानी व्हतं, मी बघितलंय. म्हनलं, हजर म्हनून टाकावं, तवर येत्याल."

"मग गाडी सुटली तेव्हा?"

"मला वाटलं, मागल्या गाडीत तुमच्यापशी चढल्या. फुडच्या स्टॉपला येत्याल म्हनलं. लाइनवर आमी असंच करतो की ओ. येकादी खाली गेली आसंल, तर सुपरवायझरला सांगायचं, हाय हाय, हितंच हाय. तिचं काम शेजारनीनं वढायचं. ती आली की झालं."

मला हे माहीत होतं. आमच्या वर्कशॉपमध्येही हे चालतं. पूर्वी कार्ड पंच करायचं मशीन होतं तेव्हा ज्याची बस चुकली त्याचं कार्ड दुसरा पंच करायचा. आता मशीनला बोटाचा ठसा लागतो, तरी मधल्या वेळेत झाकून घेणं आहेच. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. शेजारी काम करणाऱ्याला ओरडा बसू नये म्हणून माणूस ते करतो. सुपरवायझर जेवढं माणसांचं चारचौघांत हसं करतो, तेवढी माणसं एकमेकांना जास्त झाकतात. साहेबांनी चाकणला आयुष्यभर जे पेरलं तेच त्यांच्या यात्रेत उगवलं होतं. फक्त तिथे एखादा सुटा भाग तपासणीत नापास व्हायचा, इथे माझी आई डोंगरात राहिली.

मला त्या बाईवर ओरडायचं होतं. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. पण ओरडण्याची खरी जागा ती नव्हती, आणि ती खरी जागा त्या वेळी बद्रीच्या वाटेवर आरामात पुढे चालली होती.

चोपत्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. पाऊस बारीकच, पण थांबलेला नव्हता. आई रस्त्याच्या कडेला उभी होती. आमची बस जिथे उभी होती नेमकी तिथेच. टपरीवाल्या बाईने तिच्या अंगावर घोंगडी टाकली होती, ती पूर्ण भिजून काळी झाली होती. टपरी दहा पावलांवर होती, आत चूल पेटलेली होती. टपरीवाली हातवारे करून मला सांगायला लागली, की माताजी आत यायलाच तयार नाहीत.

मी आईला धरलं. तिचे हात बर्फ झाले होते. मी म्हटलं, "आई, आत का नाही बसलीस?"

"आत बसल्यावर दिसले नसते ना तुमास्नी," ती म्हणाली. "गाडी फिरून हितंच येणार. मानूस ऱ्हायल्यावर गाडी फिरतीच की."

बीडची बाई आईच्या पायाशी वाकली आणि रडायला लागली. आईने तिला उठवलं. "उगं उगं. तू कशापायी रडती? मला बाथरूमला येळ लागला." मग जीपकडे बघितलं, मागे रस्त्यावर बघितलं, आणि विचारलं, "आपली गाडी कुटं हाय?"

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, मतदानासकट. एखादीने आईला वाचवायला ते लपवलं असतं. मी लपवलं नाही, कारण मला वाटलं हे तिला माहीत असलंच पाहिजे. तिने ऐकून घेतलं. "किती हात आलं मागं फिराया?" तिने विचारलं. मी बीडच्या बाईकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "व्हय?" आणि त्या बाईचा हात हातात घेतला. पुढे सगळी वाट तिने तो सोडला नाही.

जोशीमठला पोचेपर्यंत आईला ताप भरला होता. सकाळी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि सांगितलं, वर अजिबात जायचं नाही, ताबडतोब खाली न्या. आईने त्यांना हात जोडले. फक्त एक दिवस, पिंड देऊन लगेच उतरते, असं ती मराठीत सांगत होती आणि मी हिंदीत करून सांगत होते. डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, माताजी, छातीत सर्दी उतरली आहे, वर गेलात तर परत आणायची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. लॉजवर आल्यावर मी सुचवलं, खाली संगमावर तांदूळ सोडून येऊ, मी करते तुझ्या वतीने. तिने मान हलवली. "न्हाई. बद्रीला म्हंजी बद्रीलाच." तांदूळ परत मोशीला आले. ती ते घरात कुठे ठेवते, हे मी विचारलेलं नाही.

तिच्या आईबापांचे पिंड राहिले. एवढं साधं आहे हे. पंचाहत्तरीची बाई, पुन्हा डोंगर चढायला मिळेल न मिळेल, आणि तिच्यामागे त्या दोघांचं नाव घेणारं कुणी नाही. संध्याकाळच्या आरतीसाठी ते राहिले.

त्याच दिवशी दुपारी दोन्ही बस खाली आल्या. माणसांनी गलका करून आम्हाला घेतलं. कुणी केळी दिली, कुणी शाल दिली, कुणी बाम. प्रत्येकाने बद्रीचा प्रसाद आणला होता, आणि प्रत्येक जण तो आईच्या हातावर ठेवत म्हणाला, आजी, तुमच्या नावाने दर्शन घेतलं. आईने तो सगळा प्रसाद कपाळाला लावून घेतला. मी घेतला नाही. परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी विशेष बोललं नाही आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

महिन्याभराने मावंदं झालं. यात्रेहून आलं की गंगेच्या पाण्याची पूजा करून चार माणसांना जेवायला घालायचं, ते मावंदं. पूर्वी ते घरोघरी होई. साहेबांनी सगळ्यांचं मिळून भोसरीच्या एका हॉलमध्ये ठेवलं. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, गंगेची पूजा हाय, रुसायचं न्हाई, आणि त्या पोरीला पन संगं घे. म्हणून आम्ही तिघी गेलो. बीडची बाई मागच्या ओळीत बसायला निघाली होती, आईने तिला ओढून स्वतःच्या शेजारी बसवलं.

पूजा झाली, साहेब भाषणाला उभे राहिले. सगळी मंडळी सुखरूप घरी आली ही देवाची कृपा, म्हणाले. मग म्हणाले, "मध्ये एका भगिनीच्या निष्काळजीपणामुळे थोडी अडचण आली, पण आपल्या सर्वांच्या सहकार्याने आपण त्यातूनही मार्ग काढला." टाळ्या वाजल्या. बीडच्या बाईने मान खाली घातली; ते 'हजर' आपलं होतं, हे परतीच्या वाटेवर तिनेच साहेबांना सांगितलं होतं. मी उठायला लागले होते, आईने माझा पदर धरून खाली बसवलं. पाठोपाठ साहेबांनी सगळ्यांत ज्येष्ठ यात्रेकरू म्हणून आईचं नाव पुकारलं, बद्री-केदार पूर्ण केल्याबद्दल सत्कार म्हणून.

आई जागेवरून हलली नाही. एक कार्यकर्ता शाल-श्रीफळ घेऊन ओळीत आला. आई त्याला म्हणाली, "मी बद्रीला गेलेली न्हाई. ज्ये गेले त्यास्नी द्या." ती मोठ्याने बोलली नव्हती, पण हॉल मोठा नव्हता. तो माणूस शाल घेऊन परत गेला, आणि साहेबांनी पुढचं नाव घेतलं.

जेवायला आम्ही लांब टेबलाच्या मध्यावर बसलो. समोर, बाजूला, सगळी यात्रेतलीच मंडळी. साहेब पंगतीत फिरत आले, हात जोडून, प्रत्येकाची विचारपूस करत. आईपाशी आल्यावर थांबले. खाली वाकून म्हणाले, "आजी, रागावू नका. पुढच्या वर्षी मी फक्त बद्री काढतोय. तुम्ही यायचंच. तुमचं पिंडदान राहिलंय, मला कळलंय. तुमची सगळी जबाबदारी माझी."

आई म्हणाली, "येते की. मला जायाचंच हाय."

मला आईचाही राग आला, खरं सांगते. साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"फकस्त येक सांगा," आई म्हणाली. "मी परत मागं ऱ्हायले, तर गाडी फिरवाल का?"

साहेब हसले. "आजी, तशी वेळच येऊ देणार नाही."

"आली तर?"

साहेबांनी एकदा पंगतीकडे बघितलं, कुणीतरी मदतीला येईल म्हणून. कुणी आलं नाही. मग ते म्हणाले, "त्या वेळची परिस्थिती बघून... म्हणजे सगळ्यांचा विचार करून..."

"मग न्हाई येत," आई म्हणाली. समोरच्या पानांवर माना खाली घालून माणसं जेवत होती, आणि तिने ते सगळं एकदा नीट बघून घेतलं. मग बीडच्या बाईकडे वळून विचारलं, "पोरी, तुला सुट्टी कवा मिळती? आपुन तिघीच जाऊ."